‘ड्वेल’: आधी चकवा, मग मुक्काम

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘ड्वेल’ काढला की पहिला अर्थ दिसतो तो राहणे, वास करणे. त्याखाली ‘ड्वेल ऑन’ म्हणजे एखाद्या गोष्टीवर लांबण लावणे, मनात घोळवत बसणे. शब्दकोश जाडजूड असेल तर त्याच्याही खाली एक तांत्रिक अर्थ असतो, यंत्राचा सरकता भाग क्षणभर जागच्या जागी थांबणे. हा क्रम बघून कुणालाही वाटेल की मूळ अर्थ घरात राहण्याचा असणार. त्यावरून मनाचं एखाद्या विचारात ‘राहणं’ आलं असेल आणि सगळ्यात शेवटी कुणा इंजिनियरने तोच शब्द यंत्राला लावला असेल.

घडलं ते जवळजवळ उलट. ‘ड्वेल’ला घर चिकटलं ते बऱ्याच उशिरा. त्याआधी तो थांबण्याचा, खोळंबण्याचा शब्द होता, आणि त्याच्याही आधी वाट चुकवण्याचा. हा क्रम एकदा नीट कळला की या क्रियापदाचे आजचे सगळे वापर, अगदी विचित्र वाटणारेसुद्धा, आपोआप जागेवर बसतात. म्हणून जरा मुळापासून बघू.

साधारण ११०० सालापर्यंतच्या इंग्रजीला जुनी इंग्रजी म्हणतात. त्या भाषेत ‘ड्वेलन’ असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ फसवणे, भलत्या वाटेला लावणे, भ्रमात पाडणे. त्याच्या जोडीला ‘ड्वेलियन’ होतं, म्हणजे स्वतः वाट चुकणे, समजुतीत घोटाळा होणे. ‘ड्वोला’ हे नाम चूक, भ्रम आणि धर्माच्या संदर्भात पाखंड या अर्थाने वापरत. ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी जुन्या देवदेवतांसाठी याच शब्दाला ‘गोड’ म्हणजे देव जोडून एक सामासिक शब्द वापरला होता. त्याचा अर्थ खोटा देव, चकवणारा देव. घराचा, छपराचा, चुलीचा यात कुठेही मागमूस नाही.

मग फसवण्यापासून राहण्यापर्यंत गाडी आली कशी? मधल्या पायऱ्या अशा. फसवणे, चकवणे. चकवलेला माणूस गोंधळतो, म्हणून गोंधळात पाडणे. गोंधळलेल्याचं पाऊल पुढे पडत नाही, म्हणून अडवणे, खोळंबा करणे. इथपर्यंत क्रियापद सकर्मक आहे, कुणीतरी कुणाला तरी अडवतंय. यानंतर कर्म गळून पडतं आणि अर्थ होतो स्वतः खोळंबणे, रेंगाळणे. रेंगाळणारा जरा जास्त रेंगाळला की झालं थांबून राहणे, आणि थांबून राहणं कायमचं झालं की वास्तव्य करणे.

मराठी माणसाला ही साखळी पटकन पटावी, कारण आपल्याकडे ‘चकवा’ आहे. चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो, पण फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो. चालणं थांबत नाही आणि जागाही सुटत नाही. वाट चुकणं आणि एका जागी अडकून पडणं या दोन गोष्टी चकव्यात एकत्र नांदतात, आणि ‘ड्वेल’च्या पोटात त्याच दोन गोष्टी आहेत. डच भाषेत याच कुळातलं ‘ड्वालन’ हे क्रियापद आजही भटकणे, वाट चुकणे या अर्थानेच चालतं. दलदलीवर रात्री दिसणारा आणि वाटसरूला भुलवणारा उजेड, ज्याला साहजिकच आपण चकव्याचा दिवा म्हणू, त्याला डचमध्ये ‘ड्वाललिख्ट’ म्हणतात, शब्दशः भुलवणारा प्रकाश. हाच डच शब्द पुढे आफ्रिकान्समधून दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीत शिरला. तिथे माणूस ‘ड्वाल’मध्ये आहे म्हणजे तो भानावर नाही, तंद्रीत आहे.

साखळी पटण्यासारखी असली तरी एक अडचण उरते. डचमध्ये शब्द वाट चुकण्यापाशीच थांबला, इंग्रजीत मात्र तो घरापर्यंत गेला. असं का झालं? याचं उत्तर उत्तरेकडून समुद्रमार्गे आलं.

नवव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कँडिनेव्हियातून आलेले लोक इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात स्थायिक झाले. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘द्वेल्या’ हे याच कुळातलं क्रियापद होतं, पण त्याचा अर्थ फसवण्याकडे झुकलेला नव्हता. ते उशीर करणे, थांबवणे, थांबून राहणे या अर्थाने वापरलं जाई. दोन्ही शब्द कानाला जवळजवळ सारखेच. दोन भाषा बोलणारे शेजारी एकाच बाजारात, एकाच शेताच्या बांधावर भेटत असताना नॉर्स अर्थाने इंग्रजी शब्दाचा ताबा घेतला. कवच इंग्रजी राहिलं आणि आतला ऐवज नॉर्स झाला.

‘ड्वेल’ या बाबतीत एकटा नाही. जुन्या इंग्रजीत ‘ड्रीम’चा पूर्वज आनंद, गाणंबजावणं या अर्थाने लिहिलेला सापडतो. स्वप्न हा त्याचा आजचा अर्थ नॉर्सच्या प्रभावाने पक्का झाला असं बहुतेक अभ्यासक मानतात. ‘गिफ्ट’ हा शब्द जुन्या इंग्रजीत वधूसाठी दिलेल्या मोबदल्याला वापरत, साधी भेट हा अर्थ नॉर्सकडून आला. शब्द उसना घेतला तर तो चटकन ओळखू येतो. अर्थ उसना घेतला की मात्र काही दिसत नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ‘ड्वेल’चा इतिहास इतक्या सहज नजरेआड होतो.

तेराव्या शतकात ‘ड्वेल’ राहणे या अर्थाने लिखाणात दिसू लागतो. पण जुना अर्थ लगेच मेला नाही. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर या शब्दाचा वापर दोन्ही अर्थांनी करतो. कधी त्याचं पात्र एखाद्या गावात ‘ड्वेल’ करतं, म्हणजे राहतं. कधी निवेदक म्हणतो की आता या प्रसंगावर जास्त ‘ड्वेल’ करत नाही, म्हणजे वेळ काढत नाही. शेक्सपियरकडे ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला बसानिओ मित्राला अडचणीत टाकण्यापेक्षा आपल्या गरजेतच ‘ड्वेल’ करणं पत्करतो. तिथे घर नाही, नुसतं तसंच राहणं आहे. ज्युलिएट म्हणते की शिष्टाचारावर ‘ड्वेल’ करायला आवडलं असतं, म्हणजे रीतभात धरून थांबायला. ‘ड्वेल ऑन’ची वाट ही अशी थेट थांबण्यातून निघाली आहे. मन म्हणजे घर आणि त्यात विचार भाडेकरू, असं रूपक त्यामागे शोधायची गरज नाही.

मग याआधी इंग्रज ‘राहणे’ला म्हणत तरी काय? जुन्या इंग्रजीत त्यासाठी ‘वुनियन’ हे नेहमीचं क्रियापद होतं. जर्मनमधलं ‘वोनन’ आणि डचमधलं ‘वोनन’ त्याचे सख्खे भाऊ, आणि दोघेही आज रोजच्या वापरात आहेत. इंग्रजीत मात्र ‘ड्वेल’ने आणि पुढे ‘लिव्ह’ने त्याची जागा घेतली. त्याचा उरलेला तुकडा म्हणजे ‘वोन्ट’, सवय असलेला, या अर्थाचा जुनाट शब्द. जिथे राहतो तिथली सवय होते, असा तो संबंध.

‘ड्वेल’च्या भावंडांतलं सगळ्यात नाट्यमय भावंड म्हणजे ‘ड्वेइल’, मधला स्वर लांबवून उच्चारायचा वेगळा शब्द. मध्ययुगीन इंग्रजीत हे बेलाडोना या विषारी वनस्पतीचं नाव होतं, आणि माणसाला गुंगी आणणाऱ्या एका काढ्याचंही. मध्ययुगीन हस्तलिखितांत या काढ्याच्या कृती मिळतात. त्यांत अफू, खुरासानी ओवा, हेमलॉकचा रस, लेट्यूस, रानडुकराचं पित्त आणि व्हिनेगर असे घटक येतात. मिश्रण वाइनमध्ये घालून पाजायचं, रोगी झोपला की वैद्याने कापाकापी करायची, आणि मग व्हिनेगर व मीठ लावून त्याला जागं करायचं. यातल्या अफू, खुरासानी ओवा आणि हेमलॉक या तिघांची मात्रा जरा चुकली तरी झोप कायमची ठरू शकते, हे वेगळं सांगायला नको.

नावामागची कल्पना नॉर्सच. तिथे याच कुळातला शब्द थांबलेपण, गुंगी, सुस्ती असा होता. आजच्या डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषेत ‘द्वाले’ म्हणजे प्राण्यांची हिवाळी झोप. अस्वल ‘द्वाले’त जातं तेव्हा त्याचं जगणं बंद पडत नाही, रेंगाळतं. जर्मनमध्ये बेलाडोनाला ‘टोलकिर्शं’ म्हणतात, वेड लावणारी चेरी. त्यातला ‘टोल’ म्हणजे वेडा, आणि तोही याच कुळातला. एकाच विषारी झुडपाला दोन भाषांनी एकाच मुळापासून दोन वेगळी नावं दिली. एकीने गुंगी बघितली, दुसरीने वेड. गॉथिक या याच कुळातल्या, आता लुप्त झालेल्या भाषेतल्या चौथ्या शतकातल्या बायबलमध्ये ‘द्वाल्स’ म्हणजे मूर्ख. इंग्रजीतला ‘डल’, मंद, हाही याच गोतावळ्यात धरतात.

त्याहून मागे गेलं की काही अभ्यासक हे सगळं धूळ, धूर, वाफ या अर्थाच्या एका प्राचीन इंडो-युरोपीय धातूशी जोडतात, ज्यातून संस्कृत ‘धूम’ आणि लॅटिन ‘फ्यूमस’ आले. डोळ्यांसमोर धूर झाला, काही दिसेनासं झालं, म्हणून वाट चुकली. कल्पना देखणी आहे. पण इतक्या खोलातला दुवा हा अंदाजच असतो, आणि तो अंदाज म्हणूनच सांगावा.

‘ड्वेल’चं मराठीशी थेट नातं असं धूसर असलं तरी राहण्याच्या इतर इंग्रजी क्रियापदांचं तसं नाही. ‘लिव्ह’ ज्या धातूतून आला त्याचा अर्थ चिकटणे. त्याच धातूतून संस्कृत ‘लिप्’, आणि आपलं लिंपणे, लेप. चिकटून राहिला तो उरला, उरला तो जगला. जर्मन ‘ब्लाइबन’, थांबणे, हेही तिथलंच. ‘रिसाइड’मध्ये बसणं आहे. लॅटिन ‘सेडेरे’, संस्कृत ‘सद्’, आणि म्हणून ‘सदन’ व ‘रेसिडेन्स’ हे दूरचे नातलग. ‘स्टे’मध्ये उभं राहणं आहे, लॅटिन ‘स्तारे’ आणि संस्कृत ‘स्था’, ज्यातून स्थान, ठाव, ठाणं.

सगळ्यात चकित करणारा मात्र ‘वॉज’ आहे. शाळेत ‘टू बी’चा भूतकाळ म्हणून पाठ केलेला हा शब्द मुळात राहण्याच्या, रात्र काढण्याच्या धातूपासून आलेला आहे, ज्यापासून संस्कृत ‘वस्’ आला. वास, वस्ती, निवास आणि इंग्रजी ‘वॉज’ एका घरचे. ‘वस्तीला राहणे’ म्हणजे रात्रीपुरतं राहणे हा आपला वापर त्या प्राचीन अर्थाच्या किती जवळ आहे बघा. इंग्रजाने ‘ही वॉज हिअर’ म्हटलं की मुळाशी जाऊन ऐकलं तर ‘तो इथे वसला होता’ असंच ऐकू येतं.

‘इनहॅबिट’बद्दल एवढंच सांगतो, कारण भाषांतरात तिथे खड्डा आहे. लॅटिन ‘हाबेरे’ म्हणजे धरणे, बाळगणे, आणि सतत धरून राहणे म्हणजे ‘हाबितारे’, वस्ती करणे. ‘हॅबिटॅट’ हे लॅटिन क्रियापदाचं सरळ रूप आहे. ‘तो राहतो’ असा त्याचा अर्थ, आणि प्राणी-वनस्पतींच्या लॅटिन वर्णनांतून तो नाम होऊन बाहेर पडला. खड्डा असा की इंग्रजीत ‘इनहॅबिटेड’ म्हणजे वस्ती असलेलं, पण फ्रेंचमध्ये जवळपास तसंच दिसणारं ‘इनाबिते’ म्हणजे निर्जन. इंग्रजी येणारा माणूस फ्रेंच नकाशा वाचताना इथे हमखास घसरतो.

आता रोजच्या वापराचं बोलू. मराठीत ‘राहणे’ एकटं सगळं वाहून नेतं, इंग्रजीत ते ओझं चार-पाच क्रियापदांत वाटलेलं आहे, आणि चुका या वाटपातच होतात. कायमचं राहणं सांगायचं तर ‘लिव्ह’. ‘आय लिव्ह’ म्हटलं की ते घर, ‘आय अ‍ॅम लिव्हिंग’ म्हटलं की सध्यापुरतं, हे कानावर पक्कं बसवावं. ‘स्टे’ पाहुण्याचं, हॉटेलातलं, काही दिवसांचं. ‘व्हेअर डू यू स्टे’ असं आपण घराबद्दल विचारतो. स्कॉटलंडमध्ये ते चालून जातं, इतरत्र ऐकणाऱ्याला वाटतं की आपण त्याला प्रवासी समजलो. ‘रिसाइड’ अर्जात, नोटिशीत. ‘इनहॅबिट’पुढे ‘इन’ लावायचं नाही, कर्म थेट येतं, आणि एकट्या माणसाच्या पत्त्यासाठी ते वापरत नाहीत. लोकसमूह, प्राणी, प्रदेश अशा संदर्भात ते शोभतं.

आणि ‘ड्वेल’? क्रियापद म्हणून राहण्याच्या अर्थाने ते आज काव्यातलं, धर्मग्रंथातलं झालं आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ते जागोजागी येतं. तेविसाव्या स्तोत्राचा शेवट देवाच्या घरात कायम ‘ड्वेल’ करण्यानेच होतो, आणि ती भाषा पिढ्यान् पिढ्या चर्चमध्ये कानावर पडल्यामुळे शब्दाला एक गांभीर्य चिकटलं. आपल्या ‘वास करणे’ला जसं आहे तसंच. ‘देव भक्ताच्या हृदयात वास करतो’ म्हणतात. ‘मी तिसऱ्या मजल्यावर वास करतो’ असं कुणी म्हणत नाही. म्हणून बायोडेटात किंवा ओळख करून देताना ‘आय ड्वेल इन’ लिहिलेलं दिसलं की ते न चुकता खोडावं.

गंमत अशी की त्याच क्रियापदाची नामं मात्र रोजच्या व्यवहारात ठणठणीत आहेत. ‘ड्वेलिंग’ हा कायद्याचा, नगररचनेचा, जनगणनेचा शब्द आहे. ‘ड्वेलिंग युनिट’ म्हणजे आपली सदनिका किंवा निवासी गाळा. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात घरफोडीचा गुन्हा सिद्ध व्हायला रात्रीची वेळ आणि ‘ड्वेलिंग हाउस’ दोन्ही लागत. नुसती इमारत चालत नसे, तिथे कुणीतरी राहत असायला हवं. मालक काही दिवस परगावी गेला असेल आणि परतायचा त्याचा इरादा असेल, तर घर रिकामं असूनही ते ‘ड्वेलिंग’ धरत. भिंतींपेक्षा माणसाचं तिथे टिकून असणं महत्त्वाचं, आणि शब्दाचा जुना जीव तोच आहे.

‘ड्वेलर’ एकटा क्वचित येतो, समासात मात्र सहज. ‘केव्ह ड्वेलर’ गुहावासी, ‘सिटी ड्वेलर’ शहरवासी, ‘बॉटम ड्वेलिंग’ मासे म्हणजे तळाशी राहणारे. मराठीत यासाठी ‘-वासी’ हा प्रत्यय तयारच आहे, ‘रहिवासी’ शोधत बसायला नको.

‘ड्वेल ऑन’चं भाषांतर करताना मात्र ‘वास’ आणि ‘निवास’ दोन्ही बाजूला ठेवावेत. ‘डोन्ट ड्वेल ऑन द पास्ट’ याचं ‘भूतकाळात राहू नकोस’ असं भाषांतर सर्रास दिसतं. ते चुकीचं नाही, पण निर्जीव आहे. मराठीत आपण म्हणतो ‘झालेलं उगाळत बसू नकोस’. यातलं ‘बसू’ खास आहे. ‘विचार करत बसला’, ‘रडत बसली’ यातलं ‘बसणं’ खुर्चीवरचं नसतं. कृती जागा सोडत नाही, पुढे सरकत नाही, एवढंच ते सांगतं. ‘ड्वेल ऑन’ला इतका जवळचा शब्दप्रयोग दुसऱ्या भाषेत सहसा मिळत नाही. मात्र हा प्रयोग नेहमीच वाईट अर्थाचा नसतो, हेही ध्यानात ठेवावं. नजर चित्रावर ‘ड्वेल’ झाली तर ती रेंगाळली किंवा खिळली. गायक सुरावर ‘ड्वेल’ करतो तेव्हा तो सुरावर ठेहराव घेतो. व्याख्याता एखाद्या मुद्द्यावर ‘ड्वेल’ करतो तेव्हा तो मुद्दा सविस्तर मांडतो, उगाळत नाही.

रूपांचं थोडक्यात. भूतकाळ ‘ड्वेल्ट’ किंवा ‘ड्वेल्ड’, दोन्ही शुद्ध. ब्रिटिश लिखाणात ‘ड्वेल्ट’ जास्त, अमेरिकेत ‘ड्वेल्ड’ही भरपूर. एका लेखात एकच ठेवावं. उच्चारात मराठी जीभ ‘ड’ आणि ‘व’च्या मध्ये एक ‘अ’ घुसडते आणि ‘डवेल’ असं दोन तुकड्यांचं होतं. यावर उपाय सोपा आहे. जीभ ‘ड’साठी टाळूला टेकतानाच ओठ ‘ऊ’ म्हणताना होतात तसे गोल करून ठेवायचे. मग जीभ सुटली की एकाच झटक्यात शब्द बाहेर पडतो. आपला ‘व’ दात-ओठांचा असल्यामुळे ओठ आधीच गोल करणं जिभेला सुचत नाही. ‘ड्व’ने सुरू होणारे नेहमीचे इंग्रजी शब्द आहेतच मोजके, ‘ड्वार्फ’, ‘ड्विंडल’ आणि हा, त्यामुळे सरावही कमी होतो.

उरला कारखान्यातला ‘ड्वेल’. तो नवा नाही, उलट थांबण्याचा जुना अर्थ तिथे सगळ्यात स्वच्छ उरला आहे.

जुन्या पेट्रोल इंजिनात ठिणगीसाठी पॉइंट असत, म्हणजे उघड-मिट करणारी विजेच्या स्विचसारखी टोकं. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये, म्हणजे ठिणगी देणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात, वीज भरते, ते उघडताच ठिणगी पडते. प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, आणि त्यातला पॉइंट उघडणारा फिरता उंचवटा म्हणजे कॅम. पॉइंट मिटलेले असताना हा कॅम जितके अंश फिरतो तो ड्वेल कोन. डिस्ट्रिब्यूटरची एक फेरी ३६० अंशांची, त्यामुळे चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ९० अंश येतात. त्यातले समजा ५० अंश पॉइंट मिटलेले, तर ड्वेल ५०. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असताना सेकंदाला १०० ठिणग्या लागतात, म्हणजे एका ठिणगीमागे १० मिलिसेकंद. त्यातला कॉइल भरायचा वेळ साडेपाच मिलिसेकंदांच्या आसपास. ६००० फेऱ्यांवर तोच निम्मा होतो. म्हणून ड्वेल कमी ठेवला की गाडी मंद चालीत ठीक वाटते आणि वेगात ठिणगी कमजोर पडून अडखळते. जास्त ठेवला तर कॉइल तापते आणि पॉइंट जळतात.

पॉइंटमधली फट वाढवली की ड्वेल कमी होतो, फट घटवली की वाढतो. कॅमवर घासणारी टाच झिजते तशी फट आपोआप घटते, ड्वेल वाढतो आणि ठिणगी उशिरा पडू लागते. यातूनच कामाचा क्रम ठरतो, आधी ड्वेल लावायचा आणि मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. उलट केलं तर ड्वेल हलवताच टायमिंगही हलतं आणि काम पुन्हा पहिल्यापासून.

सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या यंत्रावर, जी-०४ ही आज्ञा म्हणजे ड्वेल. सरकणं थांबतं, हत्याराचं फिरणं मात्र चालू राहतं. भोकाचा तळ सपाट करायला हत्याराने तळाशी दोन-तीन फेऱ्या जास्त घेतल्या की पुरे. ६०० आरपीएमला एक फेरी ०.१ सेकंदाची, म्हणून ०.२ ते ०.३ सेकंद. त्याहून जास्त थांबलं तर हत्यार कापत नाही, नुसतं घासतं आणि तापतं. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर या आज्ञेतल्या ‘पी’ अक्षरापुढचा आकडा मिलिसेकंदांचा असतो. दोन सेकंद समजून पी-२ लिहिलं तर यंत्र दोन मिलिसेकंद थांबतं, म्हणजे थांबतच नाही. तिथे पी-२००० लागतं.

पोटातून करायच्या डायलिसिसमध्ये हाच शब्द रोग्याच्या तक्त्यावर येतो. भरणे, ड्वेल, काढणे असे तीन टप्पे. प्रौढ माणसाच्या पोटात सहसा दोन लिटर द्रव नळीने सोडतात, दिवसा तो चार ते सहा तास आत ठेवतात, मग काढून नवा भरतात. तेवढ्या वेळात रक्तातले टाकाऊ पदार्थ आणि जादा पाणी पोटाच्या आतल्या पडद्यातून द्रवात उतरतं. पाणी ओढून घेतं ते द्रवातलं ग्लुकोज. द्रव ठरल्यापेक्षा जास्त वेळ आत राहिला तर ते ग्लुकोज शरीरात शोषलं जातं, ओढ संपते आणि काढलेलं पाणी उलट परत आत मुरू लागतं. मग काढताना द्रव भरल्यापेक्षा कमी निघतो आणि अंगावर सूज दिसते. म्हणून ड्वेलची वेळ डॉक्टर ठरवतात आणि ती स्वतःहून बदलायची नसते.

या तक्त्यांच्या मराठी भाषांतरात ‘ड्वेल टाइम’साठी ‘निवासकाळ’ लिहू नये. रोग्याला त्यातून काहीच कळत नाही. ‘द्रव पोटात ठेवायचा वेळ’ असं लिहावं. शब्द दोनाचे चार होतात, पण रात्री घरी एकट्याने पिशवी बदलणाऱ्या माणसाला नेमकं काय करायचं ते एका नजरेत समजतं.